नाणे आणि त्याची सोबत

पुतळ्यांची माळ हा दागिना मराठी घराला नवा नाही. आजीच्या पेटीतून तो सुनेच्या गळ्यात येतो आणि तेथून नातसुनेकडे जातो. परंतु या माळेतील सोन्याच्या चकतीला पुतळी का म्हणतात, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अस्सल जुन्या पुतळीवर एक संत उभा असतो आणि त्याच्यासमोर एक पुरुष गुडघे टेकून त्याच्या हातून ध्वजदंड स्वीकारीत असतो. हा संत म्हणजे मार्क, आणि गुडघे टेकणारा पुरुष म्हणजे व्हेनिस या नगरराज्याचा प्रमुख. आपली पुतळी ही मूळची व्हेनिसची डुकाट होय. तिचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. इ. स. १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, तिची घडण मुळात बदलली नाही. म्हणूनच परक्या मुलुखातील, परक्या धर्माचे चित्र असलेल्या या नाण्यावर दूरदूरच्या लोकांचा विश्वास बसला. मागणी वाढली तशा येथील सोनारांनीही त्याच घाटाच्या पुतळ्या घडविल्या.

युरोपचे सोने आपल्याकडे दागिना होऊन टिकले. युरोपच्या चांदीचे नशीब मात्र निराळे होते. सतराव्या शतकातील नाणी जमविण्याचा छंद ज्याला जडतो, त्याला हा फरक लवकरच जाणवतो. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या शतकात हिंदुस्थानात जहाजे भरभरून चांदी आणली. कापड आणि मिरी यांच्या मोबदल्यात येथे खपेल असा दुसरा माल त्यांच्यापाशी फारसा नव्हता. तरीही आपल्याकडील जुन्या निधींत मोगली रुपये जितके आढळतात, तितकी त्या काळची युरोपीय रौप्यनाणी आढळत नाहीत. मग ती सारी चांदी गेली कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम दक्षिण अमेरिकेकडे वळावे लागते. आजच्या बोलिव्हियातील पोटोसी येथील डोंगरात इ. स. १५४५ मध्ये चांदीची खाण सापडली. तेथे आणि मेक्सिकोत स्पेनच्या राजाच्या नावाने आठ रियालांचे मोठे नाणे पाडले जाई. त्याचे वजन सुमारे सत्तावीस ग्रॅम. चांदीच्या लगडीचा तुकडा तोडावयाचा, वजनाला उतरेपर्यंत त्याच्या कडा छाटावयाच्या आणि दोन ठशांमध्ये धरून हातोड्याचा घाव घालावयाचा, अशी ती रीत होती. त्यामुळे ही नाणी वेडीवाकडी असत आणि त्यांवरील अक्षरे अर्धीमुर्धी उमटत. नवशिक्याला असे नाणे टाकाऊ वाटते. वस्तुतः सतराव्या शतकाचा जागतिक व्यापार याच बेढब तुकड्यांवर चालला होता.

ही नाणी सुरतेला उतरली की त्यांचे नाणेपण संपे. मोगल राज्यात चलन म्हणून बादशाही रुपयाच चाले. सराफ रियालाकडे केवळ धातू म्हणून पाहत. ते तोलून व कस लावून घेत, आणि मग ती चांदी टांकसाळीच्या मुशीत जाई. बाहेर पडे तो सुमारे साडेअकरा ग्रॅमचा रुपया. त्यावर राजाचे चित्र नसे. फारसी लिपीत बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव, हिजरी वर्ष आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष एवढेच असे. तात्पर्य, सुरतेचा रुपया हाती घेणारा संग्राहक कदाचित पोटोसीच्या डोंगरातील चांदीच हाती घेत असतो. युरोपचे नाणे आशियाच्या नाण्यात विरघळून गेलेले असते.

नाण्याचा कस पाहण्याची ही रीत मोगलांपुरती नव्हती. इ. स. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. इंग्रजांचे नाणे महाराजांच्या राज्यात चालावे, अशी एक मागणी त्याने केली. तिला मिळालेले उत्तर इंग्रजांच्याच कागदपत्रांत नमूद आहे. त्याचा आशय असा, की राज्यात कोणत्याही नाण्याला मनाई नाही. मात्र ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. इंग्रजांचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांच्या तोडीचे असेल, तर त्याला हरकत घेतली जाणार नाही. ज्या राजाने स्वतःच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, त्याने परक्या नाण्याविषयी दिलेला हा निर्णय अर्थशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

त्याच काळात कोकणच्या किनाऱ्यावर लारी नावाचे एक चमत्कारिक नाणे चालत असे. लारी वाटोळी नसते. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेला असतो. इराणातील लार या गावावरून तिला हे नाव मिळाले. इराणच्या आखातापासून सिंहलद्वीपापर्यंतच्या व्यापारात तिला मान होता. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही, म्हणजे इ. स. १६५६ ते १६७२ या काळात, आपल्या नावाची लारी पाडली. या नाण्याची गंमत अशी, की ठसा रुंद आणि तार अरुंद. त्यामुळे एका लारीवर संपूर्ण मजकूर कधीच मावत नाही. एकीवर नावाचा एक भाग उमटतो, दुसरीवर वर्षाचा आकडा, तिसरीवर आणखी काही. अशा अनेक लाऱ्या शेजारी शेजारी मांडल्या म्हणजेच मूळ ठशावर काय कोरले होते, ते वाचता येते.

लारीची ही गोष्ट नाणकशास्त्रातील एक मोठे तत्त्व सांगून जाते. एकटे नाणे थोडे बोलते. सोबतची नाणी मिळाली, म्हणजे इतिहास बोलू लागतो.

समुद्राच्या तळाशी सापडलेल्या दोन निधींवरून हे तत्त्व अधिक स्पष्ट होईल. ‘सोनेरी ड्रॅगन’ अशा अर्थाचे नाव असलेले एक डच जहाज हॉलंडहून बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, निघाले असता इ. स. १६५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फुटले. त्यावर ७८,६०० गिल्डर किमतीची चांदी आठ पेट्यांत भरलेली होती. १९६३ मध्ये पाणबुड्यांना त्याचे अवशेष सापडले. तेथून वर आलेल्या रियालांपैकी बहुसंख्य मेक्सिकोच्या टांकसाळीतील होते. पोटोसीची खाण जगप्रसिद्ध असताना तिची नाणी इतकी थोडी का? कारण असे, की पोटोसीच्या टांकसाळीतील अधिकाऱ्यांनी चांदीत तांबे मिसळल्याचे इ. स. १६४९ च्या सुमारास उघडकीस आले होते. चौकशीअंती प्रमुख अपराध्यांना देहान्ताची शिक्षा झाली आणि १६५२ पासून नाण्याचा ठसाही बदलण्यात आला. पण एकदा बाजारातली पत गेली, की ती फर्मानाने परत येत नाही. व्यापाऱ्यांनी त्या नाण्याकडे पाठ फिरविली होती, आणि बुडालेल्या पेट्या त्याची साक्ष देत होत्या. ही साक्ष एखाद्या सुट्या रियालाने कधी दिली असती काय?

दुसरा निधी श्रीलंकेच्या आग्नेयेस ग्रेट बासेस नावाच्या खडकांजवळ १९६१ मध्ये माइक विल्सन आणि त्यांच्या तरुण सोबत्यांना सापडला. लेखक आर्थर सी. क्लार्क हे विल्सन यांचे सहकारी. येथे मिळाले ते औरंगजेबाचे रुपये. ते सुरतेच्या टांकसाळीतील आणि हिजरी १११३ चे, म्हणजे इ. स. १७०१-०२ चे होते. सतरावे शतक नुकतेच सरले होते. सुमारे हजार हजार नाण्यांच्या थैल्यांचे प्रवाळाने एकजीव गोळे झाले होते. थैलीचे कापड कुजून गेले, तरी नाण्यांनी थैलीचा आकार सोडला नव्हता. गावोगाव फिरलेल्या पैशात अनेक टांकसाळींची आणि अनेक वर्षांची नाणी मिसळलेली असतात. येथे तसे नव्हते. ही रक्कम टांकसाळीतून निघाली ती बाजाराचे तोंड न पाहता जहाजावर चढली, असाच याचा अर्थ होतो. तो गोळा फोडून एकेक रुपया वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकला असता, तर प्रत्येकाला औरंगजेबाचा एक चांगला रुपया मिळाला असता; परंतु हे ज्ञान कोणालाच मिळाले नसते.

पुष्कळदा असेच घडते, ही खेदाची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातील त्या डच जहाजाचे अवशेष लोभी लोकांनी सुरुंग लावून उद्ध्वस्त केले, तेव्हा १९६४ मध्ये तेथील राज्य सरकारला कायदा करून अशा अवशेषांना संरक्षण द्यावे लागले. आपल्याकडे सुरुंगाची गरज पडत नाही. शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना मडके लागते. सरकार सारे काढून घेईल या भीतीने त्यातील नाणी रात्रीतून वाटली जातात आणि सोनाराच्या मुशीत जातात. वास्तविक इ. स. १८७८ चा निखात निधी अधिनियम इतका निर्दय नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावी, असे तो सांगतो. निधीवर कोणाचा हक्क शाबीत झाला नाही, तर सापडविणाऱ्याचा वाटा त्यात मान्य केलेला आहे. सरकारने तो निधी स्वतःकडे घ्यावयाचे ठरविले, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देण्याची तरतूदही आहे. त्या लेखी वर्दीत कायदा काय विचारतो, ते विशेष पाहण्यासारखे आहे. काय आणि किती सापडले, कोठे सापडले आणि केव्हा सापडले, हेच ते प्रश्न. इतिहासाच्या अभ्यासकालाही याहून वेगळे काही विचारावयाचे नसते.

संग्राहकाचे कर्तव्य यातूनच स्पष्ट होते. दुर्मिळ नाणे मिळविणे हा छंदाचा आनंद आहे, आणि तो कोणी नाकारू नये. परंतु नाणे हाती येताच ते चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करणे म्हणजे त्याच्या अंगावरील तीनशे वर्षांची खूण पुसून टाकणे होय. ते कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांबरोबर मिळाले, हे विकणाऱ्याला न विचारणे ही तर त्याहून मोठी हानी. घासल्याने गेलेली झळाळी डोळ्यांना कळते. न विचारल्याने गेलेली माहिती पुन्हा कोणालाही कळत नाही. विकणारा दूर निघून जातो, मडके फुटलेले असते आणि नाणे मुके होते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक नाण्यासाठी एक कागदी पाकीट आणि त्यावर चार ओळी पुरेशा आहेत. नाणे कोठले, कोणाकडून आले, कोणत्या दिवशी आले आणि बरोबर काय होते, एवढे शाईने लिहून ठेवावे. घरातील पुतळ्यांची माळ मोडून नव्या घडणीचा दागिना करावयाचा झाला, तरी मुशीत घालण्यापूर्वी एकेक पुतळी भिंगाखाली पाहावी. तिच्यावर संत मार्क उभा असेल, तर ती वेगळी काढून ठेवावी आणि ती कोणत्या पिढीत, कोणाच्या माहेराहून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. ते सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.