नाच्याचे शरीर आणि चळवळीचा संकोच



हिंगोली जिल्ह्यात लोककलेचा विचार करावयाचा तर नर्सीपासून आरंभ करणे उचित ठरेल. कयाधूकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि आषाढातील परतवारीला तेथे वारकऱ्यांची गर्दी लोटते. नामदेवांपासून तुकारामांपर्यंतच्या गौळणींत पुरुष कवी गोपीच्या तोंडून बोलतो, तिची ओढ आणि तिची लाज स्वतःची करतो. विठोबा तर विठाईच होतो. कीर्तनात बुवा ही गौळण आळवू लागले की श्रोत्यांचे डोळे पाणावतात; बुवांच्या पुरुषपणाची चौकशी कोणी करीत नाही.

तीच गौळण तमाशाच्या बोर्डावर येते तेव्हा लुगडे नेसलेली ‘मावशी’ म्हणजे पुरुषच असतो, आणि तिच्या पहिल्या मुरक्याबरोबर हशा उसळतो. बुवांना दक्षिणा मिळते, मावशीला शिट्ट्या. हा भेद केवळ रसाचा नाही. तमाशा पिढ्यान्‌पिढ्या जगवला तो प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी. स्त्रिया फडावर उभ्या राहण्यापूर्वी स्त्रीचे काम नाच्या पोऱ्याच करी. गावाने ज्याची सावली टाळली त्याच घरातील पोराचे शरीर रात्री गावाच्या करमणुकीसाठी खुले झाले. सकाळी विटाळ पुन्हा जागच्या जागी! जातिव्यवस्थेच्या अर्थशास्त्रात हे कलम सहसा कोणी मांडीत नाही.

परिवर्तनाच्या चळवळींनी या कलेशी काय व्यवहार केला? सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे उत्पन्न डॉ. आंबेडकरांनी नाकारले, दलित स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, ही त्यामागची भूमिका होती आणि ती रास्तच होती. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ‘पुढारी पाहिजे’सारखी लोकनाट्ये गावोगाव नेली, निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट तेथेच घडले. ढोलकी आली, बतावणी आली, वगही आला. नाच्याचा प्रश्न मात्र कोणाच्याच ठरावात आला नाही. स्त्रीची अप्रतिष्ठा चळवळीला दिसली. बायकी पुरुषाची अप्रतिष्ठा तिला अप्रतिष्ठाच वाटली नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

सहानुभूतीचे लेखन झाले नाही असे नव्हे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील गुणा हा तालमीत घडलेला, मजुरी करणारा गडी; कलेपायी तो नाच्या होतो आणि घरदार गमावतो. 2010 मध्ये आलेल्या चित्रपटामुळे ही कथा सर्वदूर पोचली. चित्रपटांत आयुष्यभर नाच्या रंगविणारे कोल्हापूरचे गणपत पाटील 2008 मध्ये निवर्तले. पडद्यावरील भूमिकेची टवाळी त्यांच्या कुटुंबालाही भोगावी लागली. परंतु या दोन्ही प्रसंगी हळहळीचा सूर एकच असतो: बिचारा खरा पुरुष होता हो, उगाच हिणवला गेला! येथेच थांबून विचार करावयास हवा. पौरुषाचा दाखला हाती पडल्यावरच जी करुणा पाझरते ती कोणाच्या उपयोगाची? जो खरोखरच मनाने वेगळा होता, ज्याला लुगड्यातच आपण आपले वाटत होतो, त्याच्या वाट्याला ही हळहळही येत नाही. घरच्यांच्या आठवणीतूनही तो पुसला जातो. कोण्या आजोबांचा भाऊ फडाबरोबर गेला, एवढेच वाक्य उरते आणि पुढे विषय बदलतो.

दक्षिण आफ्रिकेतील झानेले मुहोली या कृष्णवर्णीय, समलिंगी छायाचित्रकार व्यक्तीने नेमके याच्या उलट केले. तिची आई बेस्टर गोऱ्यांच्या घरी अनेक दशके घरकाम करीत होती. मुहोलीने कपडे वाळत घालण्याचे चिमटे आणि भांडी घासण्याच्या तारेच्या घासण्या मस्तकी, अंगी मुकुटासारख्या धारण करून स्वतःची छायाचित्रे काढली आणि काहींना आईचेच नाव दिले. आईचे राबणे आणि स्वतःचे नाकारलेले शरीर एकाच चौकटीत, नजरेला नजर देत उभे राहिले. वर्ण, वर्ग आणि लिंगभाव असे तीन वेगळे विभाग तेथे पाडता येत नाहीत.

महाराष्ट्रातही असा आवाज उमटू लागला आहे. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा काव्यसंग्रह त्याची साक्ष आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक काढला. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगावच्या बाजारात टाळी वाजवून हात पसरणाऱ्या माणसापर्यंत त्यातले किती पोचले, याची विचारणा तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी करावयाची आहे. शिधापत्रिकेवर त्याचे नाव आहे काय, त्याला कोणी खोली भाड्याने देते काय, पक्षाच्या बैठकीत तो आला तर सतरंजीवर त्याच्या शेजारी कोण बसेल? आणि कलापथकाच्या पुढच्या प्रयोगात मावशीचे काम कोणाला द्यावयाचे, तिला कोणते संवाद द्यावयाचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागेल.