हेडफोनची तुटलेली तार

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत बारावीच्या व वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठीं दूरदूरच्या तालुक्यांतून मुलें येऊन राहतात. एका खोलींत तिघेचौघे असले म्हणजे ज्याला मोबाइलवर व्याख्यान ऐकावयाचें असेल त्यानें तें कानाला हेडफोन लावूनच ऐकावें, हा ओघानेंच आलेला शिष्टाचार होय. अशा एखाद्या मुलाचा हेडफोन परीक्षेच्या तोंडावर मुका झाला तर त्याची कोण तारांबळ उडते! गंजगोलाईकडे किंवा वजिराबादेकडे जाऊन नवी जोडी आणावी, तर घरून आलेल्या मोजक्या पैशांचा हिशेब चुकतो. वास्तविक पुष्कळ वेळां कानावरचा बोलणारा भाग धडधाकट असतो. गेलेली असते ती केवळ तार.

ही तार मधोमध सहसा तुटत नाहीं. प्लगच्या मुळाशीं, नाहीं तर कानाच्या वाटींत ती शिरते तेथें तुटते. कारण रोजचा वांक त्याच एका जागीं पडतो. तिची घडणहि पाहण्यासारखी आहे. पैठणीची जर ज्या गृहिणींनीं निरखून पाहिली असेल त्यांना ती चटकन् उमगेल. जरींत रेशमी दोऱ्याभोंवतीं धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली असते. जुन्या टेलिफोनच्या दोरींत धाग्याभोंवतीं तांब्याची पातळ पट्टी अशीच वळलेली असे. हल्लींच्या हेडफोनमध्यें बहुधा केसासारख्या तांब्याच्या तारांचा झुबका असतो, त्यांत बळकटीसाठीं धागा मिसळलेला असतो आणि प्रत्येक तारेवर रंगीत रोगणाचा थर असतो. हें रोगणच नवशिक्याला चकवितें.

प्लग ही टेलिफोन एक्सचेंजची देणगी होय. एकोणिसाव्या शतकांत तेथील बायका-पुरुष जो पाव इंची प्लग फळीवरील छिद्रांत खोंचीत, त्याचाच हा साडेतीन मिलिमीटरचा नातू. त्याचें टोंक डाव्या कानाचें, मधलें कडें उजव्या कानाचें आणि बुडाचा भाग दोघांच्या परतीच्या वाटेचा. बोलण्याची सोय असलेल्या प्लगाला आणखी एक कडें असतें.

परतीची वाट दोघांना एकच असल्यामुळें एक विलक्षण प्रकार घडतो. डावी तार तुटली तर डावा कान बंद, हें सरळच आहे. परंतु परतीची तार तुटली म्हणजे दोन्ही कान एकामागें एक जोडल्यासारखे होतात, आणि जो आवाज दोन्ही बाजूंस सारखाच असतो तो नाहींसा होतो. गाण्यांतला गायक बहुधा दोन्ही बाजूंस सारखाच असतो. तेव्हां पेटी, तबला दूरून ऐकूं येतात आणि गायक मात्र गुप्त! व्याख्यानांत तर दोन्ही बाजूंस एकटे गुरुजीच असतात. ते जवळजवळ संपूर्णपणें अंतर्धान पावतात. बिचारा विद्यार्थी मोबाइलला दोष देतो.

दुरुस्तीस लागतात त्या वस्तु थोड्या: नवा प्लग किंवा नवी तार, डाख देण्याची विजेची सळई, थोडा डाख, राळ. प्रथम गाणें लावून तार जागोजाग वांकवून पाहावी. जेथें आवाज येतो-जातो तेथें मोड आहे. त्याच्या पलीकडे चार बोटें सोडून तार कापावी. प्लगचें टोपण तारेंत आधींच ओंवून ठेवावें. डाख सुरेख बसल्यावर टोपण टेबलावरच राहिल्याचें ध्यानांत येणें, हा या धंद्यांतील सनातन अनुभव आहे.

मग रोगण काढावें. राळेंत बुडवून तापल्या सळईनें चोळलें म्हणजे तें जळून जातें व तांब्यावर डाखाचा पांढरा थर चढतो. भांड्यांना कल्हई होतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना निराळें सांगणें नको. कल्हई न करतां केलेला सांधा वरून चिकटलेला दिसतो, पण त्यांतून आवाज जात नाहीं. प्लगला सळई क्षणभरच टेकवावी, नाहीं तर आंतील प्लॅस्टिक वितळतें. डाखांत बहुधा शिसें असतें आणि तापलेल्या राळेचा धूर होतो. म्हणून खिडकी उघडी असावी आणि काम संपतांच हात धुवावेत.

संबंध तार बदलावयाची असेल तर कानावरची गादी हलकेंच काढावी. खालीं बहुधा स्क्रू सांपडतात. वाटीच्या आंत तारेला एक गांठ मारावी, म्हणजे हिसका गांठीवर पडेल, सांध्यावर नव्हे. जुन्या तारांचे रंग लिहून घ्यावेत. एका कानाच्या तारा उलटसुलट झाल्या तर आवाज येतो, परंतु पोकळ, खर्जहीन. आंतल्या गुंडाळीच्या केसाएवढ्या तारांना मात्र चुकूनहि हात लावूं नये. त्या तुटल्यास घरगुती इलाज उरत नाहीं. कानांत खुपसावयाच्या, डिंकानें बंद केलेल्या बोंडांच्या वाटेस तर जाऊंच नये. तेथें प्लगचें टोंक तेवढें बदलण्याजोगें.

हें काम कारखान्याचेंच, असें कोणी म्हणेल. तर 1910 च्या सुमारास अमेरिकेंत यूटा येथें नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थानें स्वतःच्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकन आरमारानें विकत घेतले!

टोपण फिरविण्यापूर्वीं व्याख्यान पुनः लावावें, एकेक कान निरनिराळा ऐकावा आणि सांध्यापाशीं तार हळूच वांकवून पाहावी. गुरुजींचा आवाज न तुटतां येत राहिला, म्हणजे टोपण बसवावें.