रांगेत न दिसणारी माणसं



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर लोकांच्या नोंदी सांभाळणारे प्रोग्राम लिहितो. आमच्या तक्त्यात जो आला तो दिसतो. जो आलाच नाही, त्याची नोंद कुठेच नसते. आज मी या न आलेल्यांबद्दल बोलणार आहे.

मे २०२१. कोविडची दुसरी लाट. आम्ही वस्तीतल्या दहा-बारा जणांनी एका बंद दुकानाच्या ओट्यावर शिध्याचं कपाट ठेवलं. कल्पना आमची नव्हती. आदल्याच महिन्यात फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीत ॲना पॅट्रिशिया नॉन या तरुणीने मागिनहावा रस्त्यावर बांबूचा गाडा उभा केला होता. जमेल त्याने ठेवावं, लागेल त्याने न्यावं. थोड्याच दिवसांत त्या देशात अशा शेकडो पॅन्ट्री उभ्या राहिल्या. आपल्याकडे कपड्यांसाठी ‘माणुसकीची भिंत’ होतीच. आम्ही डाळ-तांदूळ ठेवले.

हिशेब माझ्याकडे होता. महिनाअखेरीस पाहिलं तर साठीच्या वरचं जवळजवळ कुणी आलेलं नव्हतं. मी घरी म्हणालो, “म्हाताऱ्या माणसांना गरज दिसत नाही.” अम्मी म्हणाली, “मागच्या गल्लीतल्या खालांकडे एकदा जाऊन ये.”

खाला सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा परगावी, त्याचंही काम सुटलेलं. दोन्ही वेळा त्या चहात पाव बुडवून खात होत्या. मी विचारलं, “खाला, कपाटाचं तुम्हाला माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं बेटा. पण मी तिथं उभी राहिले तर लोक म्हणतील, हिचा मुलगा हिला बघत नाही. माझ्या पोराची अब्रू मी कशी घालवू?”

मग आम्ही घरोघरी गेलो. कुणाचे गुडघे चालत नव्हते. कुणाला पाच किलोची पिशवी उचलवत नव्हती. आम्ही हौसेने ठेवलेले हरभरे दात नसलेल्यांनी खायचे कसे? आणि रांग हीच मोठी अडचण होती. फिलिपिन्समध्येही त्याच एप्रिलमध्ये एका पॅन्ट्रीच्या रांगेत एक वृद्ध कोसळले आणि वारले.

आम्ही पद्धत बदलली. मूगडाळ, तांदूळ, दलिया, अंडी, केळी. सगळं छोट्या पुड्यांत, दर आठवड्याला. प्रत्येक तरुणाकडे दोन घरं. पिशवी ठेवून पळायचं नाही, दहा मिनिटं बसायचं. फोटो अजिबात काढायचा नाही. खालांनी फुकट घ्यायला नकार दिला, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे डाळ निवडायचं काम दिलं. मग पिशवी घेताना त्यांना संकोच वाटेना.

अशाच एका बैठकीत कळलं की त्यांच्याकडे रेशनकार्ड आहे, पण त्या दुकानात जात नाहीत. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. मशीनने दोन-तीनदा अंगठा नाकारला, दुकानदाराने “नंतर या” म्हटलं, आणि त्या गेल्याच नाहीत. ते ऐकून मी गप्प झालो. अशीच मशीन चालवणारे प्रोग्राम माझ्यासारखे लोक लिहितात. आम्ही त्याला ‘एरर’ म्हणतो. इथे त्याचा अर्थ चहा-पाव होता.

अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, वृद्धांसाठी वेगळी सोय करावी, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे. आमच्यातले दोघं खालांना घेऊन दुकानात गेले, मग पुरवठा कार्यालयात गेले. तीन खेपा झाल्या, पण धान्य सुरू झालं.

हे लक्षात ठेवा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना १५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो काढायला म्हातारा माणूस एकटा किती चकरा मारणार?

आपलं कपाट आठवड्याची भूक भागवतं. धान्य आणि पेन्शन हा हक्क आहे, तो मिळेपर्यंत सोबत जाणं हेही कपाटाचंच काम. आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे. आपल्याला फॉर्म भरता येतात, अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर उभं राहून प्रश्न विचारता येतो.

ईदला, लग्नाला आपण शेकडो लोकांना जेवू घालतो. या आठवड्यात एवढंच करा: आपल्या गल्लीत एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण, ते शोधा. धर्म-जात विचारू नका. जाऊन बसा, आणि आज काय जेवलात, एवढं विचारा. उत्तर “जेवले बेटा” असं आलं, तरी थोडा वेळ बसून राहा.