‘अस्सल’ जर्सी : एका शब्दाची किंमत

(जांबोटी येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेळगावहून चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाला खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. पुढे कणकुंबी, मलप्रभेचा उगम, आणि घाट उतरला की गोमंतक. जंगलाच्या आणि पावसाच्या या मुलखात बाहेरची नवलाई पूर्वी उशिरा पोहोचत असे. आज तसे राहिलेले नाही. अहमदाबादेत सामना सुरू होतो तेव्हा इथल्या घराघरांतील मुलेही निळा सदरा अंगात घालून बसलेली असतात. दिनांक १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तेव्हा मैदानातला निळा समुद्र साऱ्या देशाने पाहिला. त्या निळ्या सदऱ्यांपैकी कितींवर ‘अस्सल’ असे लिहिले होते आणि त्यांतील किती खरोखर अस्सल होते, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणाला सुचला नसेल, आणि तो त्या दिवशी सुचावा अशी अपेक्षाही नाही.

समजा, या परिसरातील नववीत शिकणाऱ्या एका मुलाने वडिलांकडे जर्सीचा हट्ट धरला. वडील मजुरीवर जाणारे. फोनच्या पडद्यावर एक जाहिरात येते : ‘ऑथेंटिक प्लेयर एडिशन’, मूळ किंमत ४,९९९, आज रात्री बारापर्यंत फक्त १,४९९, शिल्लक नग केवळ तीन. वडील चार-पाच दिवसांची मजुरी त्यात घालतात. पुडके येते. कापड जाडेभरडे, रंगाला उग्र दर्प, आणि दुसऱ्या धुण्याला पाठीवरच्या आकड्याचे पापुद्रे सुटू लागतात. विकणाऱ्याचा पत्ता पुडक्यावर नाही. फोन लावावा तर उत्तर मिळते की सवलतीत घेतलेला माल परत होत नाही. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या आजीने कोणाला उद्देशून केली असेल ते सांगता येत नाही, परंतु या पुडक्याला ती तंतोतंत लागू पडते.

या व्यवहारात फसवणूक नेमकी कोठे झाली, हे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. कारण या बाजारात सगळेच व्यापारी एका माळेचे मणी नाहीत.

रस्त्याच्या कडेला दोरीवर सदरे टांगून तीनशे रुपयांना विकणारा फेरीवाला बहुधा स्वतःच सांगतो, ‘साहेब, ही कॉपी आहे.’ परक्याचे चिन्ह छापल्याबद्दल कायद्याच्या दृष्टीने तो माल दोषी ठरतो हे खरे. पण निदान घेणाऱ्याशी तो खोटे बोललेला नसतो. त्याच्या वरच्या पायरीवर ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘थाई क्वालिटी’ अशी भारदस्त नावे येतात. ही नावे कोणत्याही शासकीय मानकात नाहीत. नक्कल ती नक्कलच. तिला पहिली म्हटल्याने ती मुळाच्या जवळ जात नाही, फक्त तिची किंमत दुप्पट होते. आणि सर्वांत वरच्या पायरीवर तो विक्रेता बसतो, जो नक्कल हा शब्दच गाळून टाकतो आणि ‘खेळाडू घालतात तीच’ असे छातीठोकपणे लिहितो. ग्राहकाचा खरा घात तेथे होतो.

आता अधिकृत मालाकडे वळू, कारण गोंधळाचे मूळ काही अंशी तेथेही आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखाचे कंत्राट वेळोवेळी बदलत आले. २००५ पासून २०२० पर्यंत नायके, मग एम.पी.एल. स्पोर्ट्स, मग थोडा काळ किलर, आणि जून २०२३ पासून आदिदास. या शेवटच्या कंपनीने २०२३ साली जर्सी बाजारात आणली ती एकाच प्रकारची नव्हती. सामन्यात वापरली जाते त्या धर्तीची ४,९९९ रुपयांना, तिची प्रतिकृती २,९९९ रुपयांना, आणि चाहत्यांसाठी साधी जर्सी ९९९ रुपयांना. तिन्ही अधिकृत, तिन्हींचा रंग निळा, आणि तरीही वस्तू तीन. घेणाऱ्याला हा भेद ठाऊक नसला की नक्कल करणाऱ्याचे फावते. तो ९९९ च्या कापडाची नक्कल करतो, ४,९९९ चा आकडा खोडून दाखवतो आणि १,४९९ घेतो. ग्राहकाला वाटते, साडेतीन हजार वाचले.

अस्सलपणा ओळखण्याच्या लोकांच्या कल्पनाही पुष्कळदा उलट्या असतात. धाग्याने भरलेले बोधचिन्ह म्हणजे खरे आणि चिकटवलेले म्हणजे खोटे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः आजकाल प्रत्यक्ष खेळाडूंच्या जर्सीवर वजन कमी राहावे म्हणून चिन्ह बहुधा उष्णतेने चिकटवलेले असते आणि भरतकामाचे चिन्ह प्रतिकृतीवर आढळते. खेळाडूंची जर्सी अंगाला घट्ट बसणारी, पातळ, घाम लवकर सुकवणारी असते. घरी गरम पाण्यात घालून वर कडक इस्त्री फिरवली तर तीही टिकायची नाही. म्हणजे पाच हजार रुपये देऊन घेतलेली ती खरी वस्तूसुद्धा शाळेच्या मैदानावर रोज घालण्यास प्रतिकृतीपेक्षा गैरसोयीचीच. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

तीच गोष्ट छातीवरच्या नावाची. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला, ड्रीम इलेव्हनने संघाचे प्रायोजकत्व सोडले आणि सप्टेंबरमध्ये अपोलो टायर्सचे नाव पुढे आले. जुने नाव असलेली जर्सी म्हणून खोटी ठरत नाही. ती जुन्या साठ्यातील असेल. परंतु ‘नवीन मोसमाची’ म्हणून तिची पूर्ण किंमत घेणे ही दिशाभूल होय. विश्वचषकासारख्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या स्पर्धेत तर छातीवर प्रायोजकाचे नाव नसतेच, देशाचे नाव असते. बोधचिन्हावरील तारेही पाहावेत : एकदिवसीय सामन्यांच्या जर्सीवर १९८३ आणि २०११ या विजयांचे दोन तारे. वीस षटकांच्या जर्सीवर २००७ चा एक तारा होता, तो २०२४ च्या विजयानंतर दोन झाला.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीच्या चाहत्यांना अधिकृत दुकानांतूनच ‘ऑथेंटिक’ या नावाने जर्सी विकल्या जात. पुढे चाहत्यांच्या ध्यानी आले की खेळाडूंच्या जर्सी कॅनडात शिवल्या जातात, दुकानातल्या इंडोनेशियात, आणि कापड व शिलाई यांतही फरक आहे. तेथील ग्राहकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. येथे माल बनावट नव्हता, चिन्हही चोरलेले नव्हते. वादाचा विषय एकच शब्द होता, आणि त्या एका शब्दासाठी घेतलेले वाढीव पैसे.

त्याहून मोठी गंमत मॅराडोनाच्या सदऱ्याची. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्याने हाताने केलेला गोल जगप्रसिद्ध आहे. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी सदऱ्याची अदलाबदल केली. मे २०२२ मध्ये लंडनच्या सॉदबीज या लिलावगृहाने तो सदरा सुमारे ७१ लाख पौंडांना विकला. लिलावापूर्वी मॅराडोनाच्या कन्येने हरकत घेतली की हा सदरा पहिल्या अर्धातला आहे, गोल झाले तेव्हाचा नव्हे. लिलावगृहाने जुन्या छायाचित्रांशी सदऱ्यावरील बारीकसारीक खुणा ताडून पाहण्याचा दाखला पुढे केला. ज्याच्या अंगावर तो होता तो खेळाडू निःसंशय, सामना निःसंशय, वाद राहिला तो केवळ अर्धाचा! इतक्या मोठ्या व्यवहारात एवढी छाननी लागते. मग फोनवरून ‘खेळाडूच्या सहीची, सामन्यात वापरलेली’ जर्सी दोन हजारांत कोणी देऊ करीत असेल, तर सोबतच्या रंगीत प्रमाणपत्राचे मोल त्या कागदाच्या रद्दीइतकेच समजावे.

‘अस्सल’ या शब्दाची झळ आपल्या भागाला नवीन नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत बेळगाव जिल्हा आहे. अथणी-निपाणीकडच्या कारागिराने कातडे कमावून हाताने शिवलेली चप्पल आणि शहरातील दुकानात त्याच नावाने विकली जाणारी कृत्रिम चामड्याची चप्पल यांतील फरक या सभेत कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला मूळ गावाचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा दोन्ही राज्यांतून निषेध उमटला आणि कंपनीला त्या घडणीचे मूळ मान्य करावे लागले. चपलेच्या बाबतीत आपण कारागिराच्या बाजूने बोललो. जर्सीच्या बाबतीत आपण ग्राहक आहोत, एवढाच फरक.

कायद्याचे बळ कोणते? ग्राहक चळवळीची बीजे मराठी मुलखात लवकर रुजली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ च्या डिसेंबरात आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. वस्तूचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात या कायद्याने दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा द्यायचा तर तो दाव्याच्याच भाषेत आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावा लागतो. मोठ्या अक्षरांत ‘खेळाडूंची जर्सी’ आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘प्रतिकृती’, हे चालणार नाही. मुलांना ‘आईबाबांना घ्यायला सांगा’ असे थेट चिथावणेही त्याच तत्त्वांनी वर्ज्य केले आहे. ‘शेवटचे तीन नग’ ही खोटी घाई नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आली.

कित्येक ग्रामस्थ विचारतात, मग पोलीस एका दिवसात हे सारे बंद का करीत नाहीत? त्यालाही कारण आहे. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु वॉरंटाशिवाय माल जप्त करायचा तर तो पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो, आणि तत्पूर्वी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यावे लागते. ही अट प्रामाणिक दुकानदाराच्या रक्षणासाठी आहे. तिच्यामुळे विलंब होतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय दोरीवरचे सदरे उचलून नेल्याने ते जेथे छापले गेले तो कारखाना बंद पडत नाही, याचा विचार कारवाई करणाऱ्यांनी अवश्य करावा.

शिक्षकांसाठी येथे एक सोपा पाठ आहे. मुलांकडून अशी एखादी जाहिरात वर्गात आणवावी आणि विकणाऱ्याचे नाव, पत्ता, मूळ देश, तक्रार अधिकारी यांपैकी काय काय लिहिले आहे ते शोधायला लावावे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनी ही माहिती देणे बंधनकारक केले आहे. ती नसेल तर पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. आणि गावच्या संघाला जर्सी हवी असेल तर बेळगाव किंवा कोल्हापुरात पॉलिस्टर कापडावर उष्णतेने रंग उतरवून हव्या त्या नावाची जर्सी छापून मिळते. कोल्हापूरच्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात ते आपापल्या तालमीच्या नावाने, आणि त्यांच्या चाहत्यांना ‘ऑथेंटिक’ या शब्दाची कधी गरज पडलेली नाही.

आता त्या नववीतल्या मुलाच्या वडिलांनी काय करावे? वस्तू बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर ‘सवलतीचा माल परत नाही’ हे उत्तर नियमांत बसत नाही. प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे. त्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण केले पाहिजे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. विक्रेता पैसे घेऊन नाहीसाच झाला असेल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक त्वरित लावावा. एवढ्यानेही न भागले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, तक्रार दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद मात्र जपून ठेवलेली हवी, आणि फोनवरील ती जाहिरात नाहीशी होण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवलेले हवे.