परदेशी शेअर्स आणि आयकर खात्याचा संदेश

अंधेरीच्या सीप्झमध्ये काय किंवा मुलुंड-घाटकोपरहून रोज आयटी कंपनी गाठणाऱ्यांत काय, परदेशी मूळ कंपनीचे शेअर्स मिळालेले बरेच जण आहेत. शेअर्स हाती आले तेव्हा पगारातून कर कापला गेला, विषय संपला, असं त्यांना वाटतं. तो संपत नाही. लाभांशावर कर लागतोच. शिवाय शेअर्स नुसते पडून असले तरी विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दाखवावे लागतात, तेही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे. गल्लत होते ती इथेच. सोपा ‘आयटीआर-१’ अशांना चालत नाही.

परदेशातल्या खात्यांची माहिती आता करारांनुसार थेट आयकर खात्याकडे येते. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने एसएमएस आणि ईमेल पाठवून ३१ डिसेंबरपर्यंत विवरणपत्र सुधारायला सांगितलं होतं.

असा संदेश आला तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. त्यातली लिंक न दाबता स्वतः आयकर पोर्टल उघडून खात्री करा. ब्रोकरकडून वर्षाचं स्टेटमेंट काढा, लाभांशाच्या नोंदी बघा. परदेशात कापलेल्या कराची वजावट नियमांप्रमाणे मागता येते, ती सोडू नका. माहिती दडवली तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. विवरणपत्रात ती दाखवण्यातून मात्र नाही.