किल्ली आपल्या खिशात



खडकी हे कामगारांचे गाव. 1869 साली येथे दारूगोळा कारखाना निघाला, आणि तेव्हापासून इथल्या घराघरांतून मुले कारखान्याची वाट चालत आली. आपल्यापैकीही अनेकजण आय.टी.आय. करून त्याच वाटेने जाणार आहेत. म्हणून वीज-कामातील एकच गोष्ट आज सांगतो.

मी उमेदवार असताना एका लहान वर्कशॉपमध्ये लेथची मोटर उघडून बसलो होतो. स्विच मीच बंद केला होता. इतक्यात पाळी बदलली. नव्या कामगाराने मशीन बंद पाहून स्विच चालू केला. माझा हात नुकताच टर्मिनलवरून निघाला होता, म्हणून मी वाचलो. दोष त्याला कसा द्यावा? स्विचवर ना कुलूप होते, ना पाटी.

60 वॅटचा दिवा सुमारे पाव अँपियर वीज घेतो. त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातीतून गेला, तरी माणूस दगावू शकतो. तेव्हा ‘स्विच बंद आहे’ एवढ्यावर विसंबू नका. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून घ्या, स्विचला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी टांगा. मग टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, नंतर आपल्या तारांवर लावा, आणि पुन्हा चालू लाइनवर तपासा. कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो. कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका.

विजेचा धक्का बसलेल्यास कसे शुद्धीवर आणावे, याचा तक्ता स्थानिक भाषेतही लावावा, असे 1956 च्या वीज नियमांत होते. आजच्या नियमांतही अशा तक्त्याची तरतूद आहे. कामाच्या पहिल्याच दिवशी तो शोधा आणि वाचा.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की आपण सांगतो, ‘साहेबांचे ऐक.’ जरूर सांगा. पण त्याबरोबर हेही सांगा की, चालू लाइनवर हात घालायला कोणी सांगितले तर नम्रपणे ‘आधी लाइन बंद करू’ म्हण. कुलूप मालकाने द्यावयाचे असते. ते मागण्यात कमीपणा नाही. दहा मिनिटे काम थांबले तर भरून काढता येते. घरचा माणूस गेला तर तो परत येत नाही.