चूक कोणाची, यापेक्षा चूक कशी झाली?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



रुग्णांच्या सुरक्षिततेविषयी चार शब्द बोलावेत, असे संस्थेने मला सांगितले. मी काही वक्ती नाही. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून सेवा केली, एवढाच माझा अधिकार. म्हणून आरंभी माझीच एक चूक आपल्यासमोर मांडते.

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात आम्ही दोघीच सिस्टर. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन बाया. एकीचे इन्सुलिन मी दुसरीला देणार, इतक्यात तिची सून म्हणाली, "सिस्टर, आमच्या सासूबाईंना साखरेचा आजार नाही हो." माझा हात तिथेच थांबला. अनर्थ टळला. परंतु सकाळी ही गोष्ट मी मेट्रनबाईंना सांगितली नाही, पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही सांगितली नाही. मेमो मिळेल, ही भीती. त्या दोन खाटा तशाच शेजारी राहिल्या. आज वाटते, माझी मोठी चूक गप्प बसण्याची होती.

मित्रहो, रुग्णालयात काही वाईट घडले की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणी केले?" एखादे नाव सापडले, त्याला शिक्षा झाली, की प्रकरण मिटले असे आपण समजतो. खरोखर मिटते का? यासाठी इंग्लंडमधील एक घटना समजून घेण्यासारखी आहे.

रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध आहे. ते शिरेतूनच द्यावयाचे असते. पाठीच्या कण्यात गेले तर रुग्ण बहुधा वाचत नाही. याच रुग्णांना दुसरे एक औषध मात्र कण्यात द्यावे लागते. दोन्ही औषधे सिरिंजमध्ये भरलेली आणि दोन्ही सिरिंजची टोके सारखीच. जानेवारी २००१ मध्ये नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात एका १८ वर्षांच्या मुलाला हे औषध कण्यात दिले गेले आणि पुढच्या महिन्यात तो मरण पावला. त्याचा आजार त्या वेळी आटोक्यात आलेला होता. सुई देणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरने वरिष्ठाला विचारलेही होते. वरिष्ठ त्या विभागात अगदी नवे. त्यांच्या मनात दुसऱ्याच औषधाचे नाव होते. ते "हो" म्हणाले. २००३ साली त्या वरिष्ठ डॉक्टरांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता पुढचे ऐका. कण्यात चुकीचे औषध गेल्याने १९८५ पासून किमान १३ रुग्ण दगावले किंवा पांगळे झाले, हे ब्रिटिश सरकारच्याच २००० सालच्या अहवालात छापलेले होते. प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळा, रुग्णालय वेगळे. चूक मात्र तीच! मग दोष केवळ माणसाचा कसा म्हणावा? मुळाशी होती ती कुठेही बसणारी सिरिंज, आणि वरिष्ठाला पुन्हा विचारायला कचरणारा कनिष्ठ.

उपाय निघाला तो साधाच. हे औषध सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या लहान पिशवीत मिसळून द्यावे, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली केली. पिशवी पाहिली की हे शिरेतून द्यायचे, हे कोणालाही कळते. पुढे कण्याच्या सुईसाठी वेगळ्या मापाची जोडणी आली. नेहमीची सिरिंज तिला बसतच नाही. माणूस थकला, गोंधळला, तरी वस्तूच त्याला अडवते.

२००८ साली याच संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, ॲलर्जी आहे का, असे प्रश्न मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यात महागडे यंत्र एकही नव्हते.

आपल्याकडे काय होते? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांसह परिचारिकाही निलंबित झाल्या, कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली. जबाबदारी ठरलीच पाहिजे, त्या मातांचा तो हक्क आहे. परंतु वायरिंग कोण तपासत होते, धूर होताच घंटा वाजण्याची सोय होती का, रात्री किती बाळांमागे किती सिस्टर होत्या, हे प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारले गेले नाहीत तर नोकऱ्या जातील आणि धोका जागेवरच राहील.

याचा अर्थ बेफिकिरी माफ करावी असा नव्हे. दारू पिऊन कामावर येणारा, जाणूनबुजून कागद बदलणारा शिक्षेला पात्रच आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना सत्य कळले पाहिजे आणि भरपाईही मिळाली पाहिजे. परंतु जो प्रामाणिकपणे "माझ्याकडून चुकले" म्हणतो, त्याला अभय हवे. भीतीपोटी लपवलेली चूक दुसऱ्या वॉर्डात पुन्हा घडते.

नर्सिंग आणि डॉक्टरकीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, शंका आली तर वरिष्ठांना दोनदा विचारा. बोलणी बसतील, बसू द्या. आणि उद्या तुम्ही वरिष्ठ व्हाल तेव्हा विचारणाऱ्यावर ओरडू नका. सभासद बंधू-भगिनींनो, दवाखान्यात जाताना जुने केसपेपर आणि चालू गोळ्या सोबत न्या. कोणत्या औषधाने त्रास होतो ते आधी सांगा. इंजेक्शनपूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव सांगा आणि औषध कशाचे, हे विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

२०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन पाळला जातो. त्या दिवशी आपल्या संस्थेने वस्तीत एवढी माहिती जरी दिली तरी पुष्कळ झाले.

ती सून किती शिकलेली होती, मला ठाऊक नाही. ती बोलली म्हणून तिची सासू घरी गेली. बोलण्याचे ते धैर्य आपणा सर्वांमध्ये यावे, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेते.

जय भीम!